लांबलेला डोळा आणि मऊ कॉर्निया : मायनस नंबरवाल्यांच्या बुबुळाची ताकद कशावर ठरते?

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार मंडळी. निकटदृष्टितेत, म्हणजे आपण ज्याला मायनस नंबर म्हणतो त्यात, डोळ्याचा गोळा मागच्या बाजूने लांबतो आणि प्रतिमा पडद्याच्या अलीकडे पडते, हे मी दहावीच्या वर्गाला बरीच वर्षे शिकवत आलो आहे. पण मुलीच्या तपासण्यांनंतर त्या साध्या आकृतीत न बसणारा एक प्रश्न उभा राहिला आहे.

मुलगी २१ वर्षांची आहे. दोन्ही डोळ्यांचा नंबर मायनस ८ च्या जवळपास असून गेली दोन वर्षे तो बदललेला नाही. चष्मा काढण्याच्या लेसर शस्त्रक्रियेचा विचार होता, म्हणून सर्व तपासण्या केल्या. अहवालात डोळ्याची लांबी २७.१ मिलिमीटर आणि कॉर्नियाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची, मधली जाडी ५२८ मायक्रॉन आहे, आणि कॉर्नियाच्या नकाशात कुठेही फुगवटा नाही. तरीही हवेचा झोत सोडून केलेल्या तपासणीनंतर डॉक्टरांनी सांगितले की कॉर्निया अपेक्षेपेक्षा मऊ आहे, लेसर करू नये. बाहेर रुग्णांची रांग होती, त्यामुळे याहून जास्त विचारता आले नाही.

माझा प्रश्न असा आहे : डोळा लांबतो तो मागे, कॉर्निया असतो पुढे. मग मागच्या लांबीचा पुढच्या मऊपणाशी संबंध काय? आणि जाडी चांगली असताना तो कमजोर कसा ठरतो? या विषयातले जाणकार येथे आहेत, म्हणून सविस्तर विचारत आहे.

पैठणकाठ (छत्रपती संभाजीनगर)

माझा नंबर मायनस ५ होता आणि जाडी ५४०. लॅसिक होऊन बरीच वर्षे झाली, आजवर काहीही त्रास नाही. ५२८ म्हणजे भारतीय डोळ्यांच्या मानाने जाडी चांगलीच आहे. सर, दुसऱ्या डॉक्टरांचे मत अवश्य घ्या.

लंबगोल (छत्रपती संभाजीनगर)

सर, मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे आणि अशा तपासण्या रोज करते. आधी ती तपासणी काय मोजते ते सांगते, म्हणजे पुढची चर्चा सोपी होईल.

कॉर्नियाचा नकाशा आणि जाडी यांतून त्याचा आकार कळतो. तो आकार टिकवून ठेवण्याची ताकद किती आहे, हे त्यांतून कळत नाही. त्यासाठी डोळ्यावर हवेचा एक झोत सोडतात. झोताने कॉर्निया आधी सपाट होतो, मग आत खोलगट होतो आणि परत येताना पुन्हा एकदा सपाट होऊन मूळ आकार घेतो. २००५ साली आलेल्या पहिल्या यंत्रात या दोन सपाट क्षणांचे दाब मोजले जात. जाताना लागणारा दाब जास्त असतो आणि येतानाचा कमी. या दोहोंतल्या फरकाला हिस्टेरेसिस म्हणतात. निरोगी प्रौढ डोळ्यात हा फरक साधारण १० ते ११ मिलिमीटर पाऱ्याइतका असतो. ऊती झोताची काही ऊर्जा स्वतःत जिरवून टाकते, त्यामुळे तो फरक पडतो.

नंतर आलेल्या कॉर्व्हिस नावाच्या यंत्रात एक अतिवेगवान कॅमेरा असतो. तो सेकंदाला ४३०० हून अधिक छायाचित्रांच्या वेगाने कॉर्नियाचा आडवा छेद टिपतो. तपासणी संपली की पडद्यावर ती चित्रफीत सावकाश फिरते. त्यात निळसर कमान खाली बसत जाते, तिच्या दोन्ही कडांना दोन उंचवटे उमटतात आणि क्षणभर मधला भाग वाटीसारखा दिसतो. मऊ कॉर्निया लवकर सपाट होतो आणि जास्त खोल जातो, ताठ कॉर्निया कमी वाकतो. मोठ्या मायनस नंबरच्या डोळ्यात ही वाटी बहुतेक वेळा जास्त खोल दिसते. तुमच्या डॉक्टरांनी जे सांगितले ते याच चित्रफितीवरून काढलेल्या आकड्यांच्या आधारे असणार.

बालाघाट (अंबाजोगाई)

मी निवृत्त नेत्रशल्यचिकित्सक आहे. पैठणकाठ यांचा अनुभव खरा आहे, परंतु तो या मुलीला लागू होत नाही. त्याचे कारण सर स्वतःच वहीवर मांडू शकतील.

लेसरने काढायच्या थराची खोली ढोबळमानाने अशी काढतात : उपचाराच्या गोलाचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्यावा, त्याचा वर्ग करावा, त्याला नंबराने गुणावे आणि तीनने भागावे. व्यास ६ मिलिमीटर धरला, तर प्रत्येक नंबरामागे १२ मायक्रॉन ऊती जाते. मायनस ५ ला ६० मायक्रॉन, मायनस ८ ला ९६. लॅसिकमध्ये याशिवाय वरची पापुद्र्यासारखी चकती उचलावी लागते, ती ११० मायक्रॉन धरू. ती पुन्हा जागेवर बसवली जाते हे खरे, पण डोळ्याच्या ताकदीत तिचा वाटा जवळजवळ शून्य होतो. म्हणजे पैठणकाठ यांच्या कॉर्नियाचे ५४० पैकी १७० मायक्रॉन, सुमारे ३१ टक्के, कामातून गेले. मुलीच्या बाबतीत ५२८ पैकी २०६, म्हणजे ३९ टक्के जातील. उरलेला भाग ३२२ मायक्रॉन राहतो, तो २५० च्या जुन्या किमान मर्यादेपेक्षा आणि ३०० च्या सावध मर्यादेपेक्षाही जास्त आहे. मात्र ४० टक्क्यांच्या आसपास ऊती बदलली गेली, की नकाशा निर्दोष असलेल्या डोळ्यांतही नंतर कॉर्निया फुगण्याचा धोका स्पष्टपणे वाढतो, हे २०१४ च्या अभ्यासातून पुढे आले आहे. मुलगी त्या रेषेला टेकलेली आहे, आणि त्यात मऊपणाचा आकडा आला. मी असतो तर मीही नकारच दिला असता.

आता जाडी आणि ताकद यांतल्या फरकाविषयी. कॉर्नियाच्या जाडीचा सुमारे नव्वद टक्के भाग स्ट्रोमा या थराचा असतो. त्यात कोलॅजेनच्या दोनशे ते तीनशे पट्ट्या एकावर एक असतात. मागच्या भागात त्या नुसत्या रचलेल्या असतात, पुढच्या तिसऱ्या हिश्श्यात मात्र एकमेकींत विणलेल्या असतात. बाजेची नवार ज्यांनी विणली आहे त्यांना हे लगेच समजेल : बाज वजन पेलते ती नवारीच्या जाडीवर नव्हे, विणीवर आणि ताणावर, आणि वरचे दोन-चार पट्टे कापले की बाकी नवार शाबूत असूनही बाज झोळ खाते. लॅसिकची चकती नेमकी याच विणलेल्या भागातून कापली जाते. सारख्याच जाडीच्या दोन कॉर्नियांची वीण सारखी असेलच असे नाही.

औंढा (नांदेड)

मी यंत्र अभियंता आहे, त्यामुळे मला मागच्या बाजूचे गणित करून पाहावेसे वाटले.

आत दाब असलेल्या पातळ भिंतीच्या गोलात भिंतीवर येणारा ताण दाब आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराला जाडीच्या दुपटीने भागून मिळतो. सर्वसाधारण डोळा २४ मिलिमीटरचा, म्हणजे त्रिज्या १२, आणि मागच्या भिंतीची जाडी १ मिलिमीटर धरू. लांबलेल्या डोळ्याची त्रिज्या १३.५ आणि जाडी ०.६ मिलिमीटर धरू. आतला दाब दोन्हीत सारखा ठेवला, तर दुसऱ्या डोळ्याच्या भिंतीवर पहिल्याच्या १.८८ पट ताण येतो. म्हणजे दाब जराही न वाढता भिंतीला जवळजवळ दुप्पट भार सोसावा लागतो, आणि तिने आणखी ताण खाल्ला की त्रिज्या वाढून जाडी आणखी कमी होते. लांबलेला डोळा खरा गोल नसतो, तो अंड्यासारखा असतो हे मला ठाऊक आहे, म्हणून हा हिशेब फक्त दिशा दाखवणारा समजावा.

बालाघाट डॉक्टरसाहेबांना विचारायचे आहे, ही भिंत खरोखर एवढी पातळ होते का?

बालाघाट (अंबाजोगाई)

होते, आणि काही डोळ्यांत याहूनही जास्त. मागच्या ध्रुवापाशी निरोगी डोळ्याचे श्वेतपटल, म्हणजे हीच पांढरी भिंत, सुमारे एक मिलिमीटर जाड असते, अतिनिकटदृष्टितेत ते निम्म्याहून पातळ झालेले आढळते. नवी ऊती तयार होऊन डोळा मोठा होतो असे नाही, आहे तीच ऊती पसरते. कोलॅजेनचे तंतू बारीक होतात, त्यांच्यामधले भरण कमी होते आणि भिंत हळूहळू सरकत ताणली जाते. वृक्षचिचुंद्री या छोट्या सस्तन प्राण्यावरील प्रयोगांत, डोळ्याला स्पष्ट प्रतिमा मिळू दिली नाही तर हा बदल थोड्याच काळात सुरू होतो असे दिसले आहे.

आता सरांच्या मूळ प्रश्नाकडे येतो. श्वेतपटल आणि कॉर्निया ही एकाच आवरणाची दोन रूपे आहेत. आवरणाचा सुमारे पाच-षष्ठांश भाग पांढरा आहे आणि एक-षष्ठांश पारदर्शक. दोन्हींचा मुख्य घटक पहिल्या प्रकारचे कोलॅजेन. कॉर्नियात तंतू बारीक, एकसारखे आणि ठरावीक अंतरावर असतात, म्हणून तो पारदर्शक. श्वेतपटलात ते जाडबारीक आणि अस्ताव्यस्त असतात, म्हणून ते पांढरे. ज्या व्यक्तीच्या मागच्या भिंतीचे कोलॅजेन ताणाला लवकर बळी पडते, तिच्या कॉर्नियाचे कोलॅजेनही थोडे वेगळे असू शकते, असा हा तर्क आहे. मारफान विकारात तर संयोजी ऊतीतला जन्मजात दोष सगळ्या शरीरभर असतो आणि त्यात लांब डोळा आढळतो, त्यामुळे हा तर्क निराधार नाही.

रात्रपाळी (छत्रपती संभाजीनगर)

मी नेत्रविभागात पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. डॉक्टरसाहेबांच्या तर्काविषयी आदर ठेवून एक अडचण मांडते.

कॉर्निया वयाच्या दुसऱ्या वर्षाच्या सुमारास जवळपास प्रौढ आकाराचा होतो. जन्मतः सुमारे १७ मिलिमीटर असलेला डोळा पुढे वाढत राहतो, आणि मायनस नंबर आणणारी लांबी बहुतेक मुलांत शाळेच्या वयात, कॉर्नियाची वाढ संपल्यानंतर वाढते. म्हणूनच नंबर आणि कॉर्नियाची जाडी यांचा ठळक संबंध बहुतेक अभ्यासांत सापडत नाही. लांबण्याने कॉर्निया ताणून पातळ झाला असता, तर मायनस ८ वाल्यांची जाडी हटकून कमी निघाली असती. तशी ती निघत नाही, आणि सरांच्या मुलीचा अहवालही तेच सांगतो.

हिस्टेरेसिसबद्दलचे पुरावेही एकमुखी नाहीत. २००८ मध्ये चीनच्या ग्रामीण भागातील माध्यमिक शाळेच्या मुलांत डोळा जितका लांब तितका हिस्टेरेसिस कमी असे दिसले. त्याच वर्षी सिंगापूरच्या मुलांच्या अभ्यासात मात्र नंबराशीही संबंध आढळला नाही आणि लांबीशीही नाही. प्रौढांमधल्या अतिनिकटदृष्टितेत, म्हणजे मायनस ६ च्या पुढे, हिस्टेरेसिस कमी असतो हे त्यानंतर अनेकदा दिसले आहे. मायनस २ किंवा ३ च्या गटात हा फरक फारच क्षीण असतो. माझ्या समजुतीप्रमाणे, संबंध आहे तो खूप लांबलेल्या डोळ्यांत. सरसकट प्रत्येक चष्मेवाल्याचा कॉर्निया मऊ असतो असे म्हणता येणार नाही.

येलदरी (परभणी)

म्हणजे मऊ असल्यामुळे डोळा लांबतो, की लांबल्यामुळे मऊ होतो?

लंबगोल (छत्रपती संभाजीनगर)

येलदरी, तुमच्या प्रश्नात तिसरीही एक शक्यता धरावी लागेल. मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते आणि औंढा यांच्या गणिताने ती अधिक स्पष्ट झाली आहे.

झोताने कॉर्निया आत ढकलला जातो तेव्हा आतले पाणी दबून लहान होत नाही, ते बाजूला सरकते. त्याला जागा करून द्यायची तर डोळ्याच्या उरलेल्या भिंतीला किंचित फुगावे लागते. भिंत जाड आणि ताठ असेल तर ती जागा देत नाही आणि कॉर्नियाही कमी वाकतो. भिंत पातळ आणि ढिली असेल तर तोच कॉर्निया जास्त खोल जातो. म्हणजे आपण पुढून मोजतो, पण उत्तरात मागची भिंतही मिसळलेली असते. लांब डोळ्यात कॉर्निया स्वतः अगदी निरोगी असूनही आकडा मऊपणाकडे झुकू शकतो.

याशिवाय डोळ्याचा दाब आणि कॉर्नियाची जाडी यांचाही परिणाम होतो. दाब कमी असेल तर कोणताही कॉर्निया जास्त वाकतो. म्हणून मी एकटा वाकण्याचा आकडा डॉक्टरांपुढे कधीच ठेवत नाही. त्यासोबत लांबी, जाडी, दाब आणि नकाशा असे सगळे एकत्र ठेवते. वाकण्याच्या एकूण खोलीपेक्षा पहिल्या सपाट क्षणी कॉर्नियाने किती विरोध केला, आणि मधल्या बिंदूच्या तुलनेत दोन मिलिमीटर बाजूचा भाग किती वाकला, हे दोन आकडे कॉर्नियाविषयी जास्त नेमके बोलतात.

रात्रपाळी (छत्रपती संभाजीनगर)

लंबगोल ताईंशी पूर्ण सहमत. कारण आणि परिणाम ठरवायचे तर लहान मुलांना नंबर येण्याआधीपासून वर्षानुवर्षे मोजत राहावे लागेल, एका वेळच्या मोजणीतून ते ठरत नाही.

गंगाखेडी (परभणी)

माझा अनुभव वेगळ्या बाजूचा आहे, पण येथे उपयोगी पडेल असे वाटते.

माझ्या मुलाचा मायनस नंबर दर सहा महिन्यांनी वाढत होता. आम्ही समजत होतो की अभ्यासामुळे डोळा लांबत आहे. दोन ठिकाणी चष्मा बदलून दिला, कुणी पुढे काही बोलले नाही. तिसऱ्या ठिकाणी लांबी मोजली तर ती २४ मिलिमीटरच्या आतच निघाली. मग नकाशा काढला, तेव्हा केरॅटोकोनस असल्याचे कळले. म्हणजे त्याचा नंबर मागच्या लांबीमुळे आलेला नव्हता, पुढचा कॉर्नियाच शंकूसारखा होत चालला होता. आमच्या घराच्या मागे जिनिंग आहे. कापसाचा हंगाम सुरू झाला की त्याचे डोळे लाल होत, खाज सुटे आणि तो मनगटाच्या हाडाने रगडून रगडून डोळे चोळत असे. त्या सवयीकडे आम्ही कधी गांभीर्याने पाहिले नव्हते.

नंतर क्रॉस-लिंकिंग, म्हणजे कॉर्निया ताठ करण्याचा उपचार, झाले आणि आता नंबर थांबला आहे. ज्यांच्या घरी नंबर वाढतो आहे, त्यांनी कृपया लांबी आणि नकाशा दोन्ही करून घ्यावे.

बालाघाट (अंबाजोगाई)

गंगाखेडी यांचे म्हणणे प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावे असे आहे. मायनस नंबर दोन वाटांनी येतो. एका वाटेत डोळा लांब असतो आणि कॉर्नियाचा बाक साधारण असतो. सुमारे एक मिलिमीटर जादा लांबीमागे अडीच ते तीन नंबर येतो, म्हणून २७ मिलिमीटरला मायनस ८ हे सरांच्या मुलीचे गणित जुळते. दुसऱ्या वाटेत लांबी साधारण असते आणि कॉर्निया जास्त बाकदार असतो. नंबर आणि लांबी यांचे गणित जुळले नाही, किंवा तिरपा (सिलिंड्रिकल) नंबर वेगाने बदलत राहिला, तर संशय कॉर्नियावर घ्यावा.

केरॅटोकोनसमधला मऊपणा आणि लांब डोळ्यातला मऊपणा एक नव्हे. पहिल्यात कॉर्नियाच्या एका ठिकाणची वीणच उसवते, म्हणून तो भाग फुगतो आणि पातळ होतो. दुसऱ्यात संपूर्ण डोळा ताणाला थोडा अधिक वश होतो, आकार मात्र सुबक राहतो. लेसरपूर्वी शल्यचिकित्सकाला भीती असते ती पहिल्याचीच, नकाशात अजून न उमटलेल्या अवस्थेची. म्हणून नकाशा आणि झोताची तपासणी यांचा एकत्रित निर्देशांक २०१७ पासून वापरात आला.

क्रॉस-लिंकिंगविषयी थोडे सांगतो. २००३ साली जर्मनीतील ड्रेस्डेन येथून ही पद्धत प्रसिद्ध झाली. रायबोफ्लेविन, म्हणजे ब जीवनसत्त्वातला एक घटक, थेंबांनी कॉर्नियात मुरवतात आणि ३७० नॅनोमीटरचे अतिनील किरण तीस मिनिटे देतात. त्यातून कोलॅजेनमध्ये नवे बंध तयार होतात. मूळ पद्धतीत कॉर्निया किमान ४०० मायक्रॉन असावा लागतो, कारण आतला पेशींचा थर किरणांपासून वाचवायचा असतो. उशीर झाला की ती जाडीच उरत नाही.

आणि डोळ्याला खाज सुटली तर औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने स्टिरॉइडचे थेंब आणू नयेत. बीड, परभणी, जालना या पट्ट्यातली धूळ आणि उन्हाळा पाहता ॲलर्जी होणारच, पण त्या थेंबांनी दाब वाढून काचबिंदू झालेली तरुण मुले मी पाहिली आहेत. डोळ्यांवर गार पाण्याची पट्टी ठेवावी आणि तज्ज्ञाने दिलेले ॲलर्जीचे थेंब वापरावेत, एवढ्याने बहुतेकांची चोळण्याची गरज थांबते.

धारूर (बीड)

आमच्या घरात काचबिंदू आहे आणि मलाही मायनस ७ नंबर आहे. वाचताना एक शंका आली. कॉर्निया मऊ असेल तर डोळ्याचा दाब मोजताना तो कमी दाखवला जातो का? माझा दाब दर वेळी १३-१४ सांगतात आणि काळजीचे कारण नाही असे म्हणतात.

लंबगोल (छत्रपती संभाजीनगर)

धारूर, शंका योग्य आहे. दाब मोजण्याची जी पद्धत आजही प्रमाण मानली जाते, ती १९५७ सालची गोल्डमान यांची आहे. तिच्यात कॉर्नियाची जाडी ५२० मायक्रॉनच्या आसपास गृहीत धरलेली आहे. कॉर्निया पातळ किंवा मऊ असेल तर तो सहज सपाट होतो आणि आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी येऊ शकतो. लेसर झालेल्या डोळ्यांत हे विशेष जाणवते.

तुमच्या बाबतीत दुसरी गोष्टही महत्त्वाची आहे. मोठा मायनस नंबर हाच काचबिंदूचा एक धोका आहे, आणि हिस्टेरेसिस कमी असलेल्यांत काचबिंदू पुढे सरकण्याचा धोका जास्त असतो, हे २००६ पासूनच्या अभ्यासांत दिसत आले आहे. ज्या भिंतीतून डोळ्याची नस बाहेर पडते ती भिंतही याच आवरणाचा भाग आहे, त्यामुळे हे समजण्यासारखे आहे. तेव्हा १३-१४ या आकड्यावर थांबू नका. कॉर्नियाची जाडी, नसेचा ओसीटी (प्रकाशाने घेतलेले थरांचे छेदचित्र) आणि दृष्टिक्षेत्राची तपासणी करून घ्या आणि दर वर्षी जुन्याशी ताडून पाहा. लांब डोळ्यात नस तिरपी दिसते आणि ओसीटी यंत्र सर्वसाधारण डोळ्यांशी तुलना करून विनाकारण लाल रंग दाखवते, म्हणून एका अहवालावर घाबरूनही जाऊ नका.

पैठणकाठ (छत्रपती संभाजीनगर)

लेसरपूर्वीचे माझे अहवाल अजून घरी आहेत. ते जपून ठेवण्याचा काही उपयोग आहे का?

बालाघाट (अंबाजोगाई)

फार मोठा उपयोग आहे. पुढे मोतीबिंदू झाला, तर आत बसवायच्या भिंगाची शक्ती कॉर्नियाच्या बाकावरून काढतात, आणि लेसरने तो बाक बदललेला असल्यामुळे नेहमीचे सूत्र चुकते. जुना नंबर, जुना बाक आणि जुनी जाडी हाताशी असेल तर भिंग अचूक निवडता येते. शिवाय नंबर गेला तरी डोळा जेवढा लांब होता तेवढाच राहतो, त्यामुळे पडदा कडेने विरळ होण्याचा आणि सरकण्याचा धोका पूर्वीइतकाच आहे. वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासत जा.

मांजराकाठ (लातूर)

आपण सर्वांनी दिलेल्या वेळेबद्दल मनापासून आभार. मला जे समजले ते लिहितो, चुकत असेल तर सांगावे. मागची भिंत ताणलेली असल्यामुळे मुलीचा आकडा काही अंशी मऊ दिसत असावा, काही अंशी कॉर्नियाच तसा असावा, आणि या दोन्ही वाट्यांची आज कुणालाही पूर्ण वेगळी वाटणी करता येत नाही. त्यात मायनस ८ साठी काढावी लागणारी ऊती ३९ टक्क्यांच्या घरात जाते. तेव्हा नकार योग्यच होता, हे मी आता मुलीला आकड्यांसह समजावू शकतो. तिचा प्रश्न एवढाच आहे की चष्म्याशिवाय दुसरा मार्ग उरतो का?

बालाघाट (अंबाजोगाई)

सर, आपण अगदी नेमके मांडले आहे.

चकती न उचलता छोट्या छेदातून ऊतीची पातळ भिंगाकृती काढण्याची पद्धत आहे. तिच्यात पुढची वीण बरीचशी शाबूत राहते, परंतु ऊती तेवढीच, किंबहुना थोडी जास्तच जाते आणि फुगवट्याचा धोका शून्य होत नाही. नुसत्या पृष्ठभागावर लेसर करण्याच्या पद्धतीत चकती नसते, मात्र एवढ्या मोठ्या नंबरला कॉर्नियावर धूसरपणा येण्याची शक्यता वाढते. मऊ कॉर्नियाच्या तरुण व्यक्तीला मी या दोन्हींऐवजी डोळ्याच्या आत, नैसर्गिक भिंगाच्या पुढे बसवायच्या जादा भिंगाचा विचार करायला सांगेन. त्यात कॉर्नियाची ऊती कापली जात नाही आणि गरज पडल्यास ते भिंग काढताही येते. त्यासाठी कॉर्निया आणि नैसर्गिक भिंग यांच्यामध्ये साधारण २.८ ते ३ मिलिमीटर खोली हवी, आणि लांब डोळ्यांत ती बहुधा मिळते. कॉर्नियाच्या आतल्या पेशींची संख्या आधी मोजावी आणि पुढेही दर वर्षी मोजत राहावी. खर्च लेसरहून बराच जास्त येतो, हेही आधीच सांगून ठेवतो.

आणखी एक. मुलगी कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असेल तर पुढच्या तपासणीपूर्वी मऊ लेन्स किमान एक-दोन आठवडे बंद ठेवाव्यात. लेन्सच्या दाबाने कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो आणि नकाशा फसवा येतो.

मांजराकाठ (लातूर)

डॉक्टरसाहेब, ती लेन्स वापरते आणि तपासणीच्या आदल्या दिवशीपर्यंत वापरत होती. हे आम्हाला कुणी विचारले नव्हते. आता लेन्स बंद करून पुन्हा नकाशा काढतो.

धाकटा मुलगा ११ वर्षांचा आहे, मायनस दीड नंबर आहे. त्याचीही ही झोताची तपासणी करून घ्यावी का? त्यावरून नंबर किती वाढेल याचा अंदाज येतो का?

रात्रपाळी (छत्रपती संभाजीनगर)

सर, त्याची झोताची तपासणी आत्ता आवश्यक नाही. कॉर्नियाच्या आकड्यावरून एखाद्या मुलाचा नंबर किती वाढेल हे सांगता येत नाही. त्याच्यासाठी लांबी हाच खरा आकडा आहे. दर सहा महिन्यांनी एकाच यंत्रावर लांबी मोजावी. या वयात वर्षाला एक दशांश मिलिमीटरच्या आसपास वाढ झाली तर चिंता नाही, तीन दशांश किंवा जास्त झाली तर डोळा वेगाने लांबतो आहे असे समजून कमी मात्रेच्या ॲट्रोपिनचे थेंब किंवा नंबर रोखणारे विशेष चष्मे यांविषयी डॉक्टरांशी बोलावे. कॉर्नियाचा नकाशा मात्र एकदा करून ठेवावा, विशेषतः तो डोळे चोळत असेल तर.

घराबाहेर दिवसाउजेडी रोज दोन तास घालवावेत. चीनमधील ग्वांगझू येथे शाळेत रोज ४० मिनिटांचा मैदानी तास वाढवला, तेव्हा तीन वर्षांत नव्याने नंबर आलेल्या मुलांचे प्रमाण ३९.५ टक्क्यांऐवजी ३०.४ टक्के राहिले, हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. लातूरच्या एप्रिल-मे महिन्यांत दुपारी बाहेर पाठवणे शक्य नाही, पण त्याची गरजही नाही. सकाळी शिकवणीआधी आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर झाडाच्या सावलीतसुद्धा जो उजेड असतो, तो अभ्यासिकेतल्या दिव्यांच्या कितीतरी पट असतो.

गंगाखेडी (परभणी)

लांबी मोजायला डोळ्यात थेंब टाकावे लागतात का? मुले त्याला घाबरतात.

लंबगोल (छत्रपती संभाजीनगर)

नाही. प्रकाशावर चालणाऱ्या यंत्रात डोळ्याला काहीच लागत नाही, हनुवटी टेकवून समोरच्या दिव्याकडे पाहायचे एवढेच, दोन मिनिटांत काम होते. थेंब लागतात ते नंबर अचूक काढण्यासाठी आणि पडदा पाहण्यासाठी. दर वेळी कागदावर दोन्ही डोळ्यांची लांबी मिलिमीटरमध्ये, शक्यतो दोन दशांश स्थळांपर्यंत लिहून मागा.